मे महिन्यात रक्त द्या, प्लीज

मे महिना लागला की व्हॉट्सॲपवर रक्ताचे मेसेज वाढतात हे तुमच्याही लक्षात आलं असेल. ओ निगेटिव्ह हवंय, बी पॉझिटिव्हच्या दोन बॅगा हव्यात, पेशंट सीरियस आहे, प्लीज फॉरवर्ड करा. बऱ्याच जणांना वाटतं की उन्हाळ्यात काहीतरी साथ आली असेल किंवा ॲक्सिडेंट वाढले असतील म्हणून मागणी वाढलीय. तसं नसतं हो. मागणी जवळपास तेवढीच असते, देणारे गायब झालेले असतात.

आपल्याकडे बहुतेक रक्त गोळा होतं ते कॅम्पमधून, आणि कॅम्प होतात कुठे तर कॉलेजात एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) पोरांमुळे, कंपन्यांमध्ये, मंडळांमध्ये, सोसायट्यांमध्ये. एप्रिलमध्ये परीक्षा, मग कॉलेजला सुट्ट्या, ऑफिसातले निम्मे लोक रजेवर, मंडळाची पोरं गावी गेलेली, आणि जी इथे उरलीत ती उन्हाने इतकी हैराण की दुपारी बाहेर पडायचंच नाव काढत नाहीत. दिवाळीतही असंच होतं पण दिवाळी आठवड्यात आटपते, मे महिना लांबच्या लांब. आणि इकडे बाळंतपणं थांबत नाहीत, कॅन्सरच्या पेशंटची केमो थांबत नाही, डायलिसिसवाले थांबत नाहीत. थॅलेसेमियाची मुलं तर अजिबातच थांबू शकत नाहीत.

आमच्या मजल्यावरच्या वहिनींची मुलगी थॅलेसेमिया मेजर आहे. मला आधी एवढंच माहीत होतं की तिला "रक्त चढवतात". म्हणजे काय ते जवळून बघितलं तेव्हा कळलं. तिचं शरीर कामाच्या लाल पेशी पुरेशा बनवूच शकत नाही, त्यामुळे साधारण दर तीन आठवड्यांनी तिला दुसऱ्या कुणाच्या तरी लाल पेशी लागतात, आणि हे जन्मभर. रक्त चढवून आली की दोन आठवडे ती खाली सायकल चालवते, भांडते, सगळं करते, आणि तिसऱ्या आठवड्यात शाळेतून येताना दुसऱ्या मजल्यावर जिन्यात कठड्याला टेकून उभी राहते. ओठ पांढरट दिसायला लागतात. वहिनींना तारीख बघावी लागत नाही, पोरीच्या चेहऱ्यावरून कळतं. मी एकदा वहिनींबरोबर रक्त चढवतात त्या डे केअर सेंटरला गेले होते, तिथे एका हॉलमध्ये सगळी अशीच मुलं, प्रत्येकाच्या बाजूला स्टँडला बॅग लटकवलेली, तीन-चार तास चालतं ते. सुई टोचायच्या आधी ही पोरगी सिस्टरांना सांगते, डाव्या हातात लावा, मला चित्र काढायचंय. आणि मग उजव्या हाताने वही भरून घरं काढत बसते.

तर मागच्या एका मे महिन्यात ब्लड बँकेतून वहिनींना फोन आला की तुमच्या ग्रुपचा स्टॉक कमी आहे, दोनऐवजी एकच बॅग देऊ शकतो, बाकीचं पुढच्या आठवड्यात बघू. त्यांचा काहीच दोष नव्हता, असलेलं सगळ्यांना पुरवून पुरवून देत होते बिचारे. पण एका बॅगेवर पोरगी आठ-दहा दिवसांतच परत पांढरी पडली. वहिनी रडल्या नाहीत की काही नाही, त्यांनी फक्त फोनमधली ती मोठी यादी काढली, आधी कधी रक्त दिलेल्या ओळखीच्यांची, आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. "अहो मी गावाला आलोय", "आम्ही मनालीला आहोत", "जूनमध्ये आलो की नक्की". सगळी चांगली माणसं, खरंच, सगळ्यांची द्यायची इच्छा होती. फक्त कुणीच शहरात नव्हतं.

यावर लोक मला विचारतात की मग हिवाळ्यात जे एवढे कॅम्प होतात, ते रक्त साठवून ठेवत नाहीत का? साठवतात की, पण रक्ताला एक्स्पायरी असते. तुम्ही दिलेली पिशवी ब्लड बँकेत गेली की तिचे भाग वेगळे करतात. लाल पेशी फ्रीजमध्ये २ ते ६ डिग्रीला ठेवतात, त्या ३५ दिवस टिकतात, त्यात पेशी जास्त टिकवणारं वेगळं सोल्युशन घातलेलं असेल तर ४२ दिवस. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव, गोठवून वर्षभर ठेवता येतो. आणि प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या बारीक पेशी, फक्त ५ दिवस, त्या तर फ्रीजमध्ये ठेवायच्याच नसतात, साध्या खोलीच्या तापमानाला एका हलत्या मशीनवर सतत हलत ठेवतात. आता तुम्हीच हिशोब करा. १९ फेब्रुवारीला शिवजयंतीच्या कॅम्पमध्ये कुणी रक्त दिलं तर त्या लाल पेशी फार तर २ एप्रिलपर्यंत. १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीचं रक्त मे महिन्याचा शेवट गाठू शकत नाही. त्यामुळे जानेवारीत कितीही दिलं तरी मे महिन्याची भूक मे महिन्यातच भागवावी लागते, दुसरा उपायच नाही.

म्हणून मला त्या महा-रक्तदान शिबिरांबद्दल थोडं बोलायचंय, राग मानू नका कुणी. नेत्याचा वाढदिवस, संस्थेचा वर्धापनदिन, एका दिवसात हजारो बॅगा, पेपरात फोटो. देणाऱ्यांची भावना खरी असते, त्याबद्दल शंकाच नाही, मी स्वतः अशा कॅम्पला रक्त दिलंय. पण एकाच दिवशी शहरातल्या सगळ्या तयार डोनर लोकांनी रक्त दिलं की पुढचे तीन महिने ते सगळे एकदम बाद होतात, पुरुषांनी ९० दिवस आणि बायकांनी १२० दिवस थांबावं लागतं. म्हणजे एकीकडे फ्रीज ओसंडून वाहतोय, त्यातलं काही मुदत संपून वाया जाण्याची भीती, आणि दोन महिन्यांनी त्याच फ्रीजमध्ये खडखडाट आणि बोलवायला माणूस नाही. राज्य रक्त संक्रमण परिषदसुद्धा सांगते की गरजेप्रमाणे छोटे छोटे कॅम्प घ्या, वर्षभर घ्या. हजार जणांनी एका रविवारी येण्यापेक्षा दर आठवड्याला वीस जण आले तर ब्लड बँकवाले तुम्हाला हात जोडतील.

अजून एक गोष्ट आहे जी मला फार उशिरा समजली. ११ जुलै २००६ ला वेस्टर्न लाइनच्या गाड्यांमध्ये ७ स्फोट झाले, त्या संध्याकाळी मुंबईतली माणसं हॉस्पिटलबाहेर रक्त द्यायला रांगा लावून उभी होती, पावसाळ्यात. तो फोटो, ती बातमी ज्याने बघितली त्याचा ऊर भरून आला असणार. पण आत टेबलावर जे जखमी होते त्यांना त्या पहिल्या काही तासांत जे रक्त चढलं ते रांगेतल्यांचं असणं अवघडच होतं. रक्त घेतल्यावर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस, मलेरिया एवढ्या टेस्ट कराव्याच लागतात, ग्रुपिंग, मग पेशंटशी क्रॉसमॅच म्हणजे त्याच्या रक्ताशी जुळतंय का ते बघणं, याला तास लागतात तास. म्हणजे स्फोटातल्या माणसाला वाचवलं ते आधीच्या आठवड्यात, त्याच्या आधीच्या आठवड्यात, काही कारण नसताना कुणीतरी सहज जाऊन दिलेल्या रक्ताने. संकटात लागणारं रक्त संकटाच्या आधीच फ्रीजमध्ये असावं लागतं. त्या माणसांचे फोटो कुठेच आले नाहीत पण मला तरी ती माणसं फार मोठी वाटतात.

कोव्हिडमध्ये हे सगळं आणखीनच अंगावर आलं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये कॉलेज बंद, ऑफिस बंद, कॅम्प बंद. त्या वर्षी लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला आणि रक्तदान, प्लाझ्मादान ठेवलं, मला ते अतिशय आवडलं होतं. पण खरा कस लागला तो २०२१ च्या एप्रिलमध्ये. दुसरी लाट, ऑक्सिजन नाही, बेड नाही, रेमडेसिव्हिर नाही, सगळा फोन प्लाझ्मा हवाय प्लाझ्मा हवाय या मेसेजनी भरलेला, आणि त्या गदारोळात साधं रक्त संपत चाललंय हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. त्यात १ मे पासून १८ ते ४४ वयाच्या सगळ्यांना लस सुरू होणार होती, आणि तेव्हा नियम असा होता की लस घेतल्यावर २८ दिवस रक्त देता येणार नाही, दुसऱ्या डोसनंतर पुन्हा २८ दिवस. आता रक्त देणारे कोण असतात? याच वयाचे ना! म्हणजे ऐन मे महिन्यात, आधीच दुष्काळ, त्यात सगळी तरुण मंडळी एकदम बाद. (नंतर मे मध्येच तो नियम १४ दिवसांवर आणला, पण एप्रिलमध्ये ते कुणाला माहीत.) त्यामुळे "लस घेण्याआधी रक्त द्या" असं सगळीकडून सांगायला लागले, आणि आमच्या सोसायटीनेही ठरवलं की एप्रिलच्या शेवटच्या रविवारी क्लबहाउसमध्ये कॅम्प घ्यायचाच.

घाबरले होते सगळे, खोटं कशाला सांगू. लोक भाजी पण धुऊन घेत होते त्या दिवसांत, आणि आम्ही म्हणतोय खाली या, अनोळखी माणसाकडून सुई टोचून घ्या. कमिटीत दोन-तीन जणांनी विरोध केला, त्यांचंही चूक नव्हतं, घरात म्हातारी माणसं होती. मग विंगप्रमाणे वेळा वाटून दिल्या, एका वेळी चारच जण आत, खिडक्या सताड उघड्या, एसी बंद, खुर्च्या लांब लांब. ब्लड बँकेची टीम सकाळी व्हॅनने आली. त्या उकाड्यात पीपीई किट घातलेली पोरं, फेस शील्डच्या आतून घाम ओघळताना दिसायचा, ग्लोव्ह काढला की बोटं सुरकुतलेली. त्यातला एक टेक्निशियन सांगत होता की आदल्या महिन्यात त्याला स्वतःलाच कोव्हिड होऊन गेला होता.

ज्यांनी कधी दिलं नाही त्यांच्यासाठी सांगते कसं असतं ते. आधी फॉर्म भरायचा, खरा भरायचा, कारण त्यातल्या प्रश्नांवर पेशंटचा जीव अवलंबून असतो. मग वजन, बीपी. ४५ किलोच्या वर वजन लागतं, वय १८ ते ६५. मग बोटाला टोचून एक थेंब एका निळ्या पाण्याच्या बाटलीत सोडतात, ते मोरचूद असतं, थेंब सरळ खाली बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं, तरंगत राहिला तर नाही. लहान मुलांसारखे सगळे वाकून त्या थेंबाकडे बघत असतात. मग आडवं व्हायचं, दंडाला पट्टा, हातात मऊ बॉल, तो दाबत राहायचा. बाजूला ते छोटं मशीन पिशवीला झोका देत असतं म्हणजे आतलं औषध नीट मिसळतं आणि गुठळी होत नाही. ३५० मिली घेतात साधारण, वजन जास्त असेल तर ४५०. पाच-दहा मिनिटांत झालं. सिस्टरांनी मला भरलेली पिशवी हातात धरू दिली होती, कोमट होती ती. आपल्याच अंगातलं ऊन असतं ते, मला एकदम भरून आलं तेव्हा, आजूबाजूला रोज इतकी माणसं जात होती आणि आपल्याला काहीच करता येत नाही असं महिनाभर वाटत होतं, आणि हे एक होतं जे करता येत होतं.

आमच्या गेटवरचे वॉचमन काका रात्रपाळी संपवून आले होते द्यायला, डॉक्टरांनी त्यांना परत पाठवलं, रात्रभर जागलाय, आधी झोपा. ते घरी गेले, झोपले, दुपारी चारला अंघोळ करून परत आले. त्यांची बॅग दिवसातली शेवटची होती.

आता बायकांबद्दल. त्या दिवशी आमच्याकडे नाव दिलेल्या बायकांपैकी कितीतरी जणींचा थेंब तरंगला. १२.५ लागतं हिमोग्लोबिन, आणि धडधाकट दिसणाऱ्या, घरचं बाहेरचं सगळं ओढणाऱ्या बायका, दहा, साडेदहा. रिजेक्ट म्हणल्यावर एक काकू इतक्या हिरमुसल्या, म्हणाल्या मी एवढी धीर करून आले होते. मी तेव्हापासून कॅम्पच्या दीड-दोन महिने आधीच बिल्डिंगमधल्या बायकांना सांगून ठेवते की टेस्ट करून घ्या, कमी असेल तर डॉक्टरांना विचारून लोहाच्या गोळ्या सुरू करा, जेवणावर लगेच चहा पिऊ नका, त्याने लोह शोषलं जात नाही. त्या काकू पुढच्या वर्षी तेरा घेऊन आल्या आणि रक्त देऊन गेल्या. रक्त द्यायच्या निमित्ताने का होईना, बाई स्वतःच्या रक्ताकडे बघते हे मला महत्त्वाचं वाटतं. बाळंत झाल्यावर वर्षभर नाही द्यायचं, अंगावर पाजत असाल तोवर नाही द्यायचं, पाळीच्या दिवसांत नाही द्यायचं, बाकी "बायकांनी देऊच नये" वगैरे काही नसतं. माझ्या सासूबाई आधी म्हणायच्या अगं अशक्तपणा येईल, आता त्याच मला आदल्या रात्री लवकर झोपायला पाठवतात.

आणि शुगर-बीपीवाल्यांनी परस्पर स्वतःला बाद करू नका. गोळ्यांवर कंट्रोलमध्ये असेल तर चालू शकतं, इन्शुलिन चालू असेल तर नाही. टॅटू काढला असेल तर वर्षभर थांबायचं. बाकी तिथे डॉक्टर असतात ते ठरवतील, तुम्ही जाऊन विचारा तरी.

मे नंतरचा दुसरा अवघड काळ म्हणजे पाऊस ओसरताना येणारा डेंगीचा. तेव्हा प्लेटलेटसाठी पळापळ. साध्या रक्तदानातून निघालेल्या प्लेटलेट एका बॅगेत थोड्याच असतात, एसडीपी (सिंगल डोनर प्लेटलेट, म्हणजे मशीनवर फक्त प्लेटलेट देणं) केलं तर एकाच माणसाकडून तशा पाच-सहा बॅगांएवढ्या मिळतात. माझा भाऊ देतो नेहमी. मशीनला तास-दीड तास बसावं लागतं, मशीन रक्त घेतं, प्लेटलेट काढून घेतं, बाकीचं परत अंगात सोडतं. त्याला मध्येच ओठांना मुंग्या येतात, रक्त गोठू नये म्हणून मशीनमध्ये जे औषध असतं त्याने कॅल्शियम जरा खाली जातं म्हणून, सिस्टर चघळायला कॅल्शियमची गोळी देतात की बरं वाटतं. तीन दिवस आधी ॲस्पिरिन घ्यायची नाही एवढं लक्षात ठेवायचं. प्लेटलेट अंगात दोन-तीन दिवसांत भरून येतात त्यामुळे तीन महिने थांबायची गरज नसते. कॅन्सरच्या मुलांना तर डेंगीचा सीझन नसतानाही या लागतात, आणि पाच दिवसांचंच आयुष्य असल्याने रोज कुणीतरी नवीन माणूस यावा लागतो.

मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांना एक विनंती. त्यावर तारीख, हॉस्पिटल आणि कुठल्या ब्लड बँकेत यायचं हे असल्याशिवाय पुढे पाठवू नका, आणि काम झालं की "मिळालं" म्हणून कळवा. एका पेशंटचं काम होऊन आठवडा झाला तरी नातेवाइकांना फोन येत असतात, काही वेळा पेशंट गेलेला असतो आणि त्या घरात फोन वाजतोय रक्त हवंय का म्हणून. आधी ई-रक्तकोश या सरकारी वेबसाइटवर बघा, कुठल्या रक्तपेढीत कुठला ग्रुप आहे ते दिसतं, मग प्रत्यक्ष फोन करून खात्री करा. रक्ताची किंमत नसते, प्रोसेसिंगचे पैसे घेतात, आणि थॅलेसेमिया, सिकल सेल, हिमोफिलियाच्या पेशंटना तेही माफ असतात. बदली डोनर आणल्याशिवाय रक्त देणार नाही अशी सक्ती करता येत नाही. आणि पैसे घेऊन रक्त देणारा कुणी भेटला तर त्याच्या नादी लागू नका, १९९८ पासून ते बंद आहे ते आपल्याच जिवासाठी. ज्यांचा ग्रुप बॉम्बे हा अगदी दुर्मिळ ग्रुप आहे, १९५२ मध्ये डॉ. भेंडे यांनी मुंबईतच शोधलेला, त्यांना तर ओ ग्रुपचंही चालत नाही, फक्त बॉम्बेच लागतं, त्यांनी आपलं नाव रक्तपेढीत नोंदवून ठेवाच.

आमच्या सोसायटीचा कॅम्प आधी गणपतीत असायचा, तो आम्ही मे मध्ये आणलाय. सकाळी सातला सुरू करून अकराला बंद, उन्हाच्या आत. आधी बॅगा निम्म्याच होतात अशी तक्रार झाली, पण ब्लड बँकेच्या ताई म्हणाल्या की गणपतीतल्या शंभरपेक्षा या चाळीस मला द्या. आता मंडळाची पोरंच आठवण करून देतात.

आणि जे गावाला जाणार आहेत त्यांनीही मला "जूनमध्ये आलो की देतो" म्हणू नका. रत्नागिरीला सिव्हिलमध्ये रक्तपेढी आहे, सिंधुदुर्गात ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आहे, तुमचा जिल्हा कुठलाही असो, जिल्ह्याच्या ठिकाणी असतेच. तिकडे कंपन्या कमी, मोठी कॉलेजं कमी, हायवेच्या ॲक्सिडेंटचे पेशंट आधी तिथेच येतात. बाजाराला जाल त्या दिवशी सकाळी नाश्ता करून, भरपूर पाणी पिऊन अर्धा तास जाऊन या. आधी फोन करून विचारा कुठला ग्रुप कमी आहे आणि किती वाजेपर्यंत घेतात, आणि घरात भाचे-पुतणे अठराच्या वर गेलेले असतील तर त्यांना पण गाडीत घाला.